घर पहिल्यांदाच भाड्याने देतोय – मालक म्हणून माझ्या गळ्यात काय काय येतं?

कौलारू (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आईवडिलांचं दोन खोल्यांचं घर वर्षभर बंद आहे. विकायला मन होत नाही, आणि नुसतं कुलूप लावून ठेवलं की घर कसं खराब होत जातं ते डोळ्यांनी बघतोय. शेवटी भाड्याने द्यायचं ठरवलं. मी स्वतः बारा वर्षं भाड्याच्या घरांत काढली आहेत, त्यामुळे भाडेकरूने काय काय सोसायचं असतं ते तोंडपाठ आहे. बाजू पहिल्यांदाच बदलतेय.

शोधाशोध केली तर सगळीकडे एकच सूर: भाडेकरू कसा पारखावा, डिपॉझिट किती घ्यावं, कोणती कलमं घालून त्याला बांधून ठेवावं. मी त्याचं काय देणं लागतो यावर फारसं कुणी बोलत नाही. एजंट तर म्हणाला, "रंग मारा, बाकी तो बघून घेईल." हे 'तो बघून घेईल' मला खटकतंय.

तर किल्ली देण्याआधी मी काय करून ठेवायला हवं? नंतर बिघडलं तर कुणी करायचं? आणि मी त्या घरात कधी जाऊ शकतो? (आईचं लोखंडी कपाट तिथेच ठेवायचा विचार आहे, आत तिच्या वस्तू आहेत. अधूनमधून जावं लागेल.)

कायदे ठिकठिकाणी वेगळे, ते वकिलाला विचारणारच आहे. इथे अनुभव हवेत.

पोटमाळा

बाकीचं सावकाश. आधी ते कपाट हलवा.

घरधनी

कौलारू, तुमची भावना चांगली आहे, पण माझी तीन घरं भाड्याने देऊन झाली आहेत म्हणून सांगतो. मालकाच्या जबाबदाऱ्यांची यादी भाडेकरूच्या हातात दिलीत तर बल्ब गेला तरी फोन येईल. माझ्याकडचा एक जण घर सोडून गेला तेव्हा बेसिनखालचा सांधा कितीतरी महिने गळत असल्याचं कळलं. खालच्या प्लायवूडचा भुगा झाला होता. राहत असताना एका शब्दाने बोलला नाही. भुर्दंड कुणाला? मला. रंग मारा, करार करा, किल्ली द्या, विषय संपला.

विंचवाचं बिऱ्हाड

घरधनी, तो बोलला का नसेल असा प्रश्न नाही पडला तुम्हाला?

मी सांगते. आधीच्या एका घरात गळक्या नळासाठी फोन केला तर मालक म्हणाले, "आमच्या वेळी तर काही गळत नव्हतं." दुसऱ्यांदा केला तर भाडं वाढवायची गोष्ट काढली. तिसऱ्यांदा कोण करेल? खाली बादली लावली आणि गप्प बसले. ते पाणी फरशीखाली मुरत होतं हे मलाही कळत होतं, पण सांगून मलाच त्रास होणार होता. आता ज्या घरात आहे तिथल्या मालकीणबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "काही गळलं, ठिणगी उडाली, वास आला तर त्याच दिवशी सांगा, मी रागावणार नाही. उशिरा सांगितलंत तर मात्र रागावेन." चार वर्षांत मी सहा फोन केले असतील. त्यातला एक टाकीच्या जोडाचा होता, तो महिनाभर राहिला असता तर खालच्यांचं छत गेलं असतं.

कौलारू, माझ्या मते तुमच्या यादीत पहिलं हे लिहा. फोन उचलला जाईल असा एक नंबर द्या. तुम्ही परगावी असाल तर तिथल्या तिथे कुणीतरी नेमा. आणि काम आठ दिवसांनी होणार असेल तर 'आठ दिवसांनी होईल' एवढं तरी कळवा. भाडेकरू थांबायला तयार असतो हो, पण कशासाठी थांबायचं ते तरी कळू द्या ना.

तिन्हीसांज

विंचू, +१. 'आमच्या वेळी गळत नव्हतं' हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या मालकांकडून ऐकलंय. बहुतेक किल्लीबरोबर छापून मिळतं.

खटपटी

मी वीज आणि नळाची कामं करतो, त्यामुळे नव्या घरात शिरलो की रंग दिसायच्या आधी डीबी, म्हणजे घरातला विजेचा मुख्य बोर्ड, दिसते. भाड्याने देण्याआधी माझ्या मते काय बघायचं ते लिहितो, जरा लांबेल.

डीबीत एमसीबी, म्हणजे आपोआप पडणारे स्विच, असतात आणि लोकांना वाटतं झालं. एमसीबी वायर वाचवते, माणूस नाही. भार वाढला किंवा शॉर्ट झालं की ती पडते. ओल्या हाताने गिझरला शिवलेल्या माणसातून जो करंट जातो तो तिच्या हिशेबात चिल्लर, तेवढ्याने ती हलणारही नाही. माणसासाठी आरसीसीबी लागते, करंट गळतोय हे कळताच वीज तोडणारा स्विच, जुने लोक ईएलसीबी म्हणतात, ३० मिलीअँपिअरची. तिच्यावर टेस्टचं बटण असतं. वीज चालू असताना ते दाबा. पडली तर ठीक, नाही पडली तर ती नुसती शोभेला आहे. हे बटण भाडेकरूलाही दाखवून ठेवा, अधूनमधून दाबायला सांगा.

दुसरं अर्थिंग. सॉकेटला तीन भोकं आहेत म्हणून मागे तिसरी वायर असेलच असं नाही. जुन्या घरांत मी कितीतरी ठिकाणी नुसतं भोक पाहिलंय. अर्थिंग नसलेल्या पॉइंटवर गिझर ठेवून घर भाड्याने देण्याला निष्काळजीपणा म्हणणंही मला सौम्य वाटतं.

गॅसचा गिझर बंद बाथरूममध्ये असेल तर सरळ काढा किंवा बाहेर घ्या. गॅस जळताना हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, गरगरतं, माणूस तिथेच खाली बसतो, आणि आतून कडी असते. "एक्झॉस्ट फॅन आहे ना" असं मालक सांगतात. दार-खिडकी बंद आणि हवा आत यायला फटच नाही, तर तो पंखा बाहेर फेकणार काय? शेगडीची नळी मुदतीतली आहे का तेही बघा, मुदत नळीवरच छापलेली असते. सांध्यांना साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून बघणारे महाभाग मला भेटले आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो: ते करू नका.

आता तुमचं घर वर्षभर बंद आहे, त्याचं वेगळं. नहाणी ट्रॅपमधलं, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या खोलगट भागातलं, पाणी सुकलेलं असणार, तेच गटाराचा वास आणि झुरळं अडवतं. प्रत्येक जाळीत पाणी ओता. टाकी धुऊन घ्या. पाइपात साचून राहिलेल्या कोमट पाण्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढतात, साधारण २० ते ४५ अंशांच्या मध्ये त्यांचं चांगलं फावतं, आणि ते शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातात. म्हणून सगळे नळ सोडून पाणी वाहू द्या, शॉवरची जाळी काढून धुवा, आणि त्या वेळी खिडक्या उघड्या ठेवा.

खिडक्यांना लोखंडी जाळ्या असतील तर एक तरी आतून उघडणारी हवी, आणि तिची किल्ली कुठे असते ते भाडेकरूला माहीत हवं. आग लागली की चोराला अडवणारी जाळी माणसालाही अडवते. बाल्कनीच्या गजांमध्ये दहा सेंटिमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर लहान मूल असलेल्या कुटुंबाला ते घर तसंच देऊ नका. आधी गज घाला.

घरधनी

खटपटी, एवढं सगळं करायचं तर दोन महिन्यांचं भाडं त्यातच जाईल.

खटपटी

जाऊ दे ना. पुढची दहा वर्षं भाडं येणार आहे.

जुनं दप्तर

घरधनी म्हणतात तो 'किल्ली द्या, विषय संपला' हा विचार फार जुना आहे, इंग्लिश कायदा शेकडो वर्षं तसाच होता. भाडेपट्टा मुळात जमिनीचा. शेतकरी जमीन कसायला घेई, वरचं झोपडं त्यानेच शाकारावं असं गृहीत असे. पुढे शहरं झाली, माणसं एकावर एक मजल्यांत राहायला लागली, पण नियम तोच राहिला. चौथ्या मजल्यावरच्या माणसाच्या हातात ना छप्पर ना पाइप, तरी दुरुस्ती त्याच्याकडेच आणि भाडंही चालूच.

अमेरिकेत हे उलटवणारा गाजलेला निकाल १९७० सालचा, वॉशिंग्टनमधल्या अपील न्यायालयाचा, जॅव्हिन्स विरुद्ध फर्स्ट नॅशनल रिअल्टी. भाडेकरूंनी भाडं थकवलं होतं, आणि इमारतीत घरबांधणी नियमांचे सुमारे १५०० भंग असल्याचं त्यांचं म्हणणं होतं. न्यायालयाने सांगितलं की शहरातला भाडेकरू जमिनीचा तुकडा घेत नाही. तो राहण्याजोगं घर घेतो. नुसत्या भिंती आणि छत देऊन भागत नाही. उजेड, हवा, ऊब, चालणारे नळ, नीट लागणारी दारं-खिडक्या, आणि हे सगळं तसंच टिकवून ठेवणं हे त्या भाड्यातच आलं. करारात लिहिलेलं नसलं तरी.

आणि एजंटच्या 'रंग मारा' वरून आठवलं. २०२० साली इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात दोन वर्षांचं एक मूल श्वसनाच्या आजाराने गेलं. चौकशीत निष्पन्न झालं की कारण घरातल्या भिंतींवरची बुरशी. बापाने तक्रार केली होती. त्याला वरून रंग मारायला सांगण्यात आलं होतं. त्यानंतर तिथे २०२३ च्या कायद्यात सामाजिक गृहसंस्थांना (म्हणजे कमी भाड्याने घरं देणाऱ्या संस्थांना) ओल आणि बुरशीची दखल ठरावीक मुदतीत घेण्याचं बंधन आलं.

तिन्हीसांज

हे वाचून आधीची विनोदी कमेंट काढून टाकावीशी वाटतेय.

कौलारू

सगळ्यांचे आभार. खटपटींची पोस्ट छापून घेतली आहे, रविवारी वायरमनला घेऊन जातोय. विंचू, तुमच्या मालकीणबाईंचं वाक्य मी उचलणार.

कपाटाबद्दल मात्र अजून पटत नाही. एका कोपऱ्यात उभं राहील, कुणाला काय त्रास?

पोटमाळा

त्रास कपाटाचा नाही हो, तुमच्या येण्याचा. आमच्या मालकांची एक खोली कुलूपबंद होती, 'फक्त सामान आहे'. महिन्यातून दोनदा यायचे, कधी सकाळी सातला. चांगला माणूस, येताना हातात काहीतरी घेऊन यायचा. पण माझी बायको घरात ओला टॉवेल खुर्चीवर टाकायची बंद झाली. सारखं वाटायचं, कुणीतरी येईल. भाडं पूर्ण भरत होतो आणि राहत पाहुण्यासारखे होतो.

घर तुमच्या नावावर आहे, पण करार असेतो उंबऱ्याच्या आत तो यजमान. दुरुस्तीला किंवा पाहणीला जायचं तर आधी कळवायचं, पुष्कळ ठिकाणी निदान २४ तासांची प्रथा किंवा नियमच आहे, आणि वेळ त्याला विचारून ठरवायची. पाइप फुटला, आग लागली तर गोष्ट वेगळी. तुमच्याकडे जादा किल्ली असली तरी तो नसताना ती वापरायची नाही.

घरधनी

यात मी पोटमाळ्यांच्या बाजूने. मी वर्षातून एकदा जातो, आठवडाभर आधी सांगून. शिवाय आधीच्या भाडेकरूची किल्ली कुणाकुणाकडे असेल सांगता येत नाही, म्हणून दर वेळी लॅचचं सिलिंडर बदलतो. एवढा मी वाईट नाही.

हिशेबी

डिपॉझिटवर कुणीच आलं नाही, आणि भांडणं तर तिथेच होतात.

ते पैसे भाडेकरूचे, तुमच्याकडे ठेवायला दिलेले. रंगकामात खर्चून टाकू नका, नाहीतर तो निघाला की 'नवीन भाडेकरू आला की देतो' सुरू होतं. कापायचे असतील तर मोडलेल्या-फोडलेल्याचे कापायचे, झिजलेल्याचे नाहीत. रंग उडणं, फरशीवर चालण्याचे माग, पडद्याच्या दांडीची भोकं ही झीज. दारात बुक्की मारून पाडलेलं भोक हे नुकसान. नुकसान झालं तरी नव्याची पूर्ण किंमत लावता येत नाही. समजा रंग पाच वर्षं टिकतो असं धरलं आणि तीन वर्षं राहिल्यावर भाडेकरूच्या मुलाने एक भिंत चितारून ठेवली, तर त्या रंगाची दोनच वर्षं शिल्लक होती. त्या भिंतीच्या खर्चातला दोन पंचमांश तुमचा हक्क. उरलेले तीन भाग त्याच्या भाड्यातून तुम्हाला मिळून गेले आहेत.

हे सिद्ध करायला किल्ली देतानाची नोंद लागते. दोघांनी मिळून घरभर फिरा, व्हिडिओ काढा, सिंकखालचं आणि कपाटांच्या मागचंही. मीटरचे आकडे लिहा. किल्ल्या मोजा. आधीचे ओरखडे तुम्हीच दाखवा, त्याने शोधायची वाट बघू नका. दोघांच्या सह्या. जाताना तेच कागद घेऊन तसंच फिरायचं. भाड्याची पावती द्या, मागितली नाही तरी.

आणि घराचा विमा असेल तर कंपनीला, कर्ज असेल तर बँकेला, घर भाड्याने जातंय हे कळवा. तुमचा विमा साधारणपणे घराचा असतो, भाडेकरूच्या टीव्हीचा नाही, हेही त्याला आधीच सांगा. प्राप्तिकराचं काही सांगायला नको.

विंचवाचं बिऱ्हाड

घरधनींच्या बल्बचं राहिलंच. बल्ब मीच बदलते. नळाचा वॉशर, जाळीत अडकलेले केस, रिमोटचे सेल, हेही माझंच. भिंतीच्या आत, छताच्या वर किंवा फरशीच्या खाली जे आहे ते मालकांचं, आणि त्यांनी दिलेली उपकरणं जुनी होऊन बंद पडली तर तीही त्यांचीच. मी आपटून फोडली तर माझी. मधलं काही आलं तर बोलून होतं. आमच्याकडे ठरलंय की छोटं काम मी करून घ्यायचं, पावतीचा फोटो पाठवायचा आणि पुढच्या भाड्यातून वळतं करायचं. पण हे आधी लिहून ठेवलेलं होतं म्हणून, मनाने कापून घ्यायचं नाही.

कौलारू

रविवारचा वृत्तांत.

आरसीसीबी होती, बटण दाबलं, ढिम्म. बदलली. बाथरूमच्या पॉइंटला अर्थिंगची वायरच नव्हती. आईवडील पंधरा वर्षं तिथे अंघोळ करत होते. यावर जास्त लिहीत नाही.

आता कपाट. पोटमाळ्यांचं ऐकून शेवटी चौघांनी मिळून हलवलं. मागे भिंतीवर माणसाच्या उंचीएवढा काळा डाग, बुरशी. ते कपाट तिथेच राहिलं असतं आणि मी पुढून सगळं रंगवून घर दिलं असतं.

वायरमन म्हणाला बंद घराची दमट हवा असेल, उघडं ठेवा जाईल. खटपटी, काय करू?

खटपटी

अंदाज नको. डागाशेजारी भिंत पुसून कोरडी करा, हातभर अॅल्युमिनियम फॉइल लावा आणि चारी कडा चिकटपट्टीने घट्ट बंद करा. दोन दिवसांनी बघा. खोलीकडच्या बाजूला दव आलं तर हवेतला दमटपणा, मग हवा खेळती ठेवून काम होईल. फॉइलच्या मागे, भिंतीकडून पाणी आलं तर भिंतीतच ओल आहे. पलीकडे बाथरूम आहे का?

कौलारू

आहे. फॉइलच्या मागच्या बाजूला थेंब.

खटपटी

मग पाण्याच्या लाइनवर संशय घ्या. सगळे नळ बंद करा, मीटरचा आकडा लिहा, दोन तासांनी परत बघा. आकडा सरकला तर दाबाची लाइन गळतेय. नाही सरकला तर फरशीच्या सांध्यांतून किंवा सांडपाण्याच्या पाइपातून मुरतंय. आणि दुरुस्ती झाल्यावर लगेच पुट्टी-रंग नको. भिंत पूर्ण सुकू द्या, महिनाही लागू शकतो.

घरधनी

एजंट काय म्हणतोय यावर?

कौलारू

एजंट म्हणतोय, माणसं तयार आहेत, महिना कशाला घालवता, भाडेकरूला सांगायची गरज नाही.

मीटर सरकला. गिझरकडे जाणाऱ्या पाइपाचा सांधा निघाला, भिंत फोडून बदलला. भिंत सुकतेय. एक जोडपं घर बघायला आलं होतं, त्यांना ती उघडी भिंत दाखवून काय झालं होतं ते सांगितलं. एजंटचं तोंड बघण्यासारखं झालं. ती बाई जवळ गेली, भिंतीला हात लावून बघितला आणि म्हणाली, "सुकल्यावर कळवा, आम्ही थांबतो."

तिन्हीसांज

आणि कपाट?

कौलारू

माझ्या हॉलमध्ये. टीव्ही दिसत नाही आता.

विंचवाचं बिऱ्हाड

कौलारू, आणखी एक, कुणी लिहिलं नाही म्हणून. कधी बिनसलंच, भाडं थकलं, तरी पाणी-वीज तोडायची नाही, कुलूप बदलायचं नाही, सामान बाहेर काढायचं नाही. नोटीस आणि कायद्याचा रस्ता कितीही लांबचा असला तरी तोच. आमच्या शेजारी एका घराची वीज अशी तोडली होती. आत सहा महिन्यांचं बाळ होतं.

कौलारू

नोंद घेतली. करारात नोटिशीची मुदत दोन्हीकडून सारखी ठेवलीय.

(दीड महिन्यानंतर)

मंडळी, ते जोडपं काल राहायला आलं. हिशेबींच्या पद्धतीने घरभर फिरलो, व्हिडिओ झाला, चार किल्ल्या मोजून दिल्या. विंचूंच्या मालकीणबाईंचं वाक्य जसंच्या तसं म्हटलं. आज सकाळी पावणेसातला पहिला फोन आला. मोरीतून वास येतोय म्हणे.

खटपटी

भिंत सुकेपर्यंत परत महिनाभर घर बंद होतं ना? जाळीत दोन तांबे पाणी ओतायला सांगा. आणि अर्ध्या तासाने तुम्हीच फोन करून विचारा, वास गेला का.